मिलानला डिझाइन शिकायला निघताय? पोर्टफोलिओपासून परमिटपर्यंत

मी कोल्हापूरची. पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनची पदवी घेतली, दोन वर्षं नोकरी केली आणि मग पुढच्या शिक्षणासाठी मिलानला आले. आता दर हिवाळ्यात ओळखीपाळखीतून मुलामुलींचे फोन येतात. ताई, पोर्टफोलिओ किती पानांचा करू? ताई, घर मिळतं का? ताई, इंग्लिशवर भागतं का? प्रत्येकाला तेच तेच सांगते, ते इथे एकदा क्रमाने लिहून काढते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वर्गात इंग्लिशवर भागतं, वर्गाबाहेर नाही. घरमालक, पोस्टातली बाई, पोलिसांचं परमिट कार्यालय, लाकूड कापून देणारा मिस्त्री, सगळे इटालियन बोलतात. म्हणून पहिली पायरी पोर्टफोलिओची, म्हणजे आपल्या कामांच्या संग्रहाची नाही, भाषेची आहे. निघायच्या आठ-दहा महिने आधीपासून रोज अर्धा तास द्या. मराठी माणसाला इटालियन उच्चार जड जात नाहीत. लिहिलंय तसंच बहुतेक वाचायचं असतं. आदरार्थी रूपही आपल्याला नवं नाही. मित्राला 'तू', प्राध्यापकांना आणि कार्यालयात 'लेई', म्हणजे आपलं 'तुम्ही'. इंग्लिशमधून शिकणाऱ्यांना हे सांगून समजवावं लागतं, आपल्या कानात ते बसलेलंच असतं.

कोर्स निवडताना एक शब्द नीट वाचा

मिलानमध्ये डिझाइन शिकवणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. सरकारी विद्यापीठांत सगळ्यांत मोठं नाव पोलितेक्निको दी मिलानोचं. ते १८६३ साली स्थापन झालं. त्याचा डिझाइन विभाग शहराच्या वायव्येला बोव्हिझा भागात आहे. तिथे पूर्वी गॅसचा कारखाना होता, जुन्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे आजही दिसतात. खासगी संस्थाही नावाजलेल्या आहेत, पण त्यांची फी बरीच जास्त. सरकारी विद्यापीठात फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, हा मोठा आधार आहे.

इथे बरेच जण एका शब्दावर फसतात. आपण 'मास्टर्स' म्हणतो ती दोन वर्षांची पदवी इटलीत 'लाउरेआ माजिस्त्राले' या नावाने ओळखली जाते आणि ती १२० क्रेडिटची असते. इटलीतला 'मास्टेर' हा वेगळा, साधारण वर्षभराचा ६० क्रेडिटचा कोर्स. तो वाईट नाही, नोकरी करून आलेल्यांना उपयोगीही पडतो. पण पुढे पीएचडी करायची असेल किंवा घरच्यांना 'दोन वर्षांची पदवी' म्हणून सांगितलं असेल, तर अर्ज भरण्याआधी हा फरक बघून घ्या. माझ्या ओळखीच्या एका मुलीला तो इथे पोचल्यावर कळला.

पोर्टफोलिओ: चकचकीत चित्रं कमी, हाताचे ठसे जास्त

आपल्याकडे पोर्टफोलिओ म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली वस्तूची गुळगुळीत चित्रं, म्हणजे रेंडरं, अशी समजूत पक्की झाली आहे. मिलानमध्ये बघणाऱ्याला रेंडरच्या आधीचं बघायचं असतं. पहिली कच्ची रेघ, पुठ्ठ्याचं वाकडंतिकडं मॉडेल, फसलेला प्रयत्न आणि तो का फसला हे सांगणारं एक वाक्य. चार-पाच प्रकल्प पुरेत. त्यातला एक तरी असा असू द्या, ज्यात तुम्ही एखाद्या कारागिराजवळ बसून काम शिकलात.

माझ्या पोर्टफोलिओत कोल्हापुरी पायताणावरचा एक प्रकल्प होता. मी सुभाष रोडला चप्पल घेऊन तिचे फोटो काढले नव्हते. एका घरी आठ दिवस बसले होते. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं कसं ओळखायचं, कान कसा कापतात, वेणी कोण विणतं (त्या घरात आजी विणायच्या), हे वहीत उतरवलं होतं. मुलाखतीत सगळा वेळ त्याच दोन पानांवर गेला.

याला जोडूनच एक गोष्ट. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्याच फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्या मूळ कुठल्या, हे सांगितलं नाही. महाराष्ट्रात संताप झाला, मग कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या जिल्ह्यांसाठी. त्यामुळे वारली, पैठणी, सावंतवाडीची लाकडी खेळणी, काहीही पोर्टफोलिओत घेतलंत तर करणाऱ्याचं गाव आणि त्याची परवानगी असेल तर त्याचं नाव, पानावर ठळक लिहा. 'पारंपरिक भारतीय कला' एवढ्यावर सोडू नका. दुसऱ्याला जे विचारलं, ते आधी आपण पाळायचं.

कागद: घाई नको, सहा महिने हाताशी ठेवा

प्रवेशाचं पत्र आलं की 'युनिव्हर्सिताली' या सरकारी पोर्टलवर पूर्वनोंदणी करायची. विद्यापीठाने ती मान्य केली की मगच 'डी' प्रकारच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करता येतो. पदवीची ग्राह्यता दाखवायला बहुतेक ठिकाणी 'चिमेआ' या संस्थेचं तुलनापत्र चालतं. गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून लागणारा शिक्का.

यात महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण आहे, ती नावाची. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि खाली वेगळं आईचं नाव. पासपोर्टवर मात्र नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. इटलीत पासपोर्टवर जे असेल ते प्रमाण. सगळे फॉर्म पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवत भरा. गुणपत्रिकेत स्पेलिंगचा फरक असेल तर तो भारतात असतानाच दुरुस्त करून घ्या, इटलीतून होत नाही.

नावाचं एवढं महत्त्व का, ते 'कोदिचे फिस्काले' बघितल्यावर कळतं. हा इटलीतला करदात्याचा सोळा चिन्हांचा क्रमांक, आपल्या पॅनसारखा. घराचा करार, बँक, शिष्यवृत्ती, सगळीकडे तो लागतो. तो तुमच्या नावातूनच तयार होतो: आडनावातली तीन अक्षरं, नावातली तीन, जन्मवर्षाचे शेवटचे दोन आकडे, महिन्यासाठी एक अक्षर आणि जन्मतारीख. मुलींच्या जन्मतारखेत ४० मिळवतात, म्हणजे १२ तारखेला जन्मलेल्या मुलीच्या क्रमांकात ५२ दिसतात. घाबरू नका, ती चूक नाही. पुढे भारतात जन्मलेल्यांसाठी झेड२२२ आणि शेवटी एक पडताळणीचं अक्षर. नाव चुकलं तर क्रमांक चुकतो, आणि मग तो प्रत्येक खिडकीवर आडवा येतो.

शिष्यवृत्तीबद्दल. इटलीत प्रांताकडून उत्पन्नावर आधारित शिष्यवृत्ती मिळते, तिला विद्यार्थी 'डीएसयू' म्हणतात. त्यासाठी घरच्या उत्पन्नाचा, मालमत्तेचा आणि कुटुंबातल्या माणसांचा पुरावा लागतो, तोही इटालियन भाषांतर आणि अपोस्टिलसह. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, घराचे कागद, शेती असेल तर सातबारा, बँकेची वर्षअखेरची शिल्लक, हे आईवडिलांना सोबत बसवून गोळा करा. दोन ठिकाणी गाडी अडते. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. त्यातून त्यांना चालू वर्षाचे नाही, साधारण दोन वर्षांपूर्वीचे आकडे हवे असतात. नेमकं कोणतं वर्ष, हे विद्यापीठाच्या कार्यालयाला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दुसरं, घराचं क्षेत्रफळ त्यांना चौरस मीटरमध्ये लागतं. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. घाईत चौरस फुटाचा आकडा टाकलात तर तुमचं साडेसहाशे फुटांचं घर त्यांच्या हिशेबात महाल होतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरातही बघत राहावं.

घर

मिलान महाग आहे. एकट्याची खोली सहाशे-सातशे युरोंच्या खाली मिळणं कठीण. जाहिरातींमधले तीन शब्द पाठ करा: 'पोस्तो लेत्तो' म्हणजे दोघातिघांच्या खोलीतली एक खाट, 'सिंगोला' म्हणजे एकट्याची खोली, 'मोनोलोकाले' म्हणजे एका खोलीचं स्वतंत्र घर. शिवाय 'स्पेझे' आत धरलेत की वेगळे, हे विचारा. म्हणजे सोसायटीचा खर्च, हीटिंग वगैरे.

घर स्वतः किंवा ओळखीच्या कुणी बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. मी पाठवले होते. फोटोत उजेड भरलेली खोली होती, मालक परगावी असल्याचं सांगत होता, चावी कुरिअरने येणार होती. चावी आली नाही. पहिले बारा दिवस मी एका सीनियर मुलीच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपले. पहिल्या महिन्यासाठी हॉस्टेलची किंवा विद्यापीठाच्या निवासाची सोय करा आणि पक्कं घर तिथे गेल्यावर शोधा. करार नोंदणीकृतच घ्या. शिष्यवृत्तीत बाहेरगावच्या विद्यार्थ्याची जास्त रक्कम मिळते, त्यासाठी नोंदणीकृत कराराचाच पुरावा मागतात. "नोंदणी नको, भाडं थोडं कमी करतो" असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा.

ऑगस्टच्या मध्यात पोचत असाल तर एक सूचना. १५ ऑगस्टला इटलीत 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते आणि त्याच्या मागेपुढे निम्मं शहर बंद असतं. दुकानांच्या शटरवर 'किउझो पेर फेरिए' अशा चिठ्ठ्या दिसतील, म्हणजे सुट्टीसाठी बंद. झेरॉक्स आणि फोटोसुद्धा भारतातून काढून न्या.

पहिले आठ दिवस

इटलीत पोचल्यापासून आठ कामकाजी दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे 'पेरमेस्सो दी सोज्जोर्नो'साठी, अर्ज करायचा असतो. हे काम पोस्टात होतं. 'स्पोर्तेल्लो आमिको' अशी पाटी असलेल्या पोस्टात पिवळ्या पट्टीचं पाकीट फुकट मिळतं. आतला पहिला फॉर्म काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत भरा. १६ युरोंचं तिकीट लागतं, 'मार्का दा बोल्लो', ते पोस्टात नाही तर 'टी'ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. सोबत पासपोर्टच्या पानांच्या प्रती, प्रवेशाचा आणि विम्याचा कागद. पाकीट चिकटवू नका. खिडकीवर ते उघडंच द्यायचं असतं.

मग एक पावती मिळते. कार्ड हातात येईपर्यंत महिने जातात, तोवर ही पावती म्हणजेच तुमचा परवाना. तिचे फोटो काढून घरी पाठवा, दोन प्रती करा. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: व्हिसा संपल्यावर केवळ पावतीवर युरोपातल्या दुसऱ्या देशात फिरायला जाता येत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत पॅरिसची तिकिटं काढण्याआधी व्हिसाची तारीख बघा.

सामानाचं थोडक्यात. कटर, पटाशी, कानस चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत टाकलेत तर विमानतळावरच ठेवावे लागतील. कटिंग मॅट, फोमबोर्ड तिकडे घ्या. फोमबोर्डला तिथे 'पोलिप्लात' म्हणतात. आपली तीन पिनची प्लग तिथे बसत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, तेव्हा स्टीलचा, खालून लोहचुंबक चिकटेल असा न्या. पोहे, तूरडाळ, कढीपत्ता बांगलादेशी आणि श्रीलंकन दुकानांत मिळतं. गोडा मसाला मिळत नाही, तो घरचाच न्या.

वर्ग: 'पेर्के?'

डिझाइनचं मुख्य काम 'लाबोरातोरिओ' नावाच्या वर्गात चालतं आणि बहुतेक वेळा गटात. चार देशांची चार मुलं एका टेबलावर. दर आठवड्याला 'रिव्हिझिओने' असते: काम टेबलावर मांडायचं, प्राध्यापक येऊन बसतात, बाकीचे गट मागे उभे राहून ऐकतात.

माझी पहिली रिव्हिझिओने मला जशीच्या तशी आठवते. स्वयंपाकघरातल्या एका छोट्या स्टुलाचा विषय होता. मी रात्रभर जागून चौदा रेंडरं छापून नेली होती. प्राध्यापकांनी ती चाळली, बाजूला ठेवली आणि माझ्या पिशवीतून डोकावणारं पुठ्ठ्याचं मॉडेल मागितलं. ते दाखवायला आणलेलं नव्हतं, एक पाय वाकलेला होता. त्यांनी ते उलटं केलं, वाकलेल्या पायावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पेर्के?" का? पाय असा का वाकला? मी म्हटलं, पुठ्ठा एकेरी होता. ते म्हणाले, मग ही तुझी पहिली खरी माहिती, इथून सुरू कर. पुढचे तीन आठवडे मी फक्त तो सांधा करत होते. त्या सत्रात मी जितकं शिकले तितकं नंतरही क्वचितच शिकले असेन.

म्हणून सांगते, मॉडेल करा, मोडा, मोडलेलं जपून न्या. आणि बोलायचा सराव करा. परीक्षा बऱ्याचदा तोंडी असते. गुण ३० पैकी मिळतात, १८ ला पास, उत्कृष्टला '३० ए लोदे'. २४ मिळाले म्हणून घरी रडत फोन करू नका. आणि मिळालेले गुण पटले नाहीत, तर अनेक विषयांत ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसता येतं. हे विद्यार्थ्याला खुशाल विचारता येतं, त्यात उद्धटपणा मानत नाहीत.

शहरही अभ्यासक्रमातच धरा

पहिल्याच महिन्यात आकिल्ले कास्तिल्योनी या डिझाइनरचं काम जपणारं संग्रहालय बघून या. त्यांचा स्टुडिओ पिआत्सा कास्तेल्लोवर होता. त्यांनी भाऊ पिएर जाकोमो यांच्यासोबत १९६२ मध्ये 'आर्को' हा दिवा केला. छताला भोक न पाडता टेबलावर वरून उजेड यावा, म्हणून लांब कमान आणि तिला तोलून धरायला संगमरवराचा जड ठोकळा. त्या ठोकळ्याला आरपार भोक आहे. ते शोभेसाठी नाही. त्यातून झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलून दिवा हलवायचा. ठोकळ्याचे कोपरेही मारलेले आहेत, चालताना कुणाला लागू नयेत म्हणून. मी घरी व्हिडिओ कॉलवर हे आईला सांगितलं, तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर झाडणारी बाई होती."

त्रिएन्नाले हे डिझाइनचं संग्रहालय आणि २०२१ मध्ये सुरू झालेलं एडीआय डिझाइन म्युझियमही बघा. एडीआयमध्ये 'कोंपास्सो द'ओरो' या १९५४ पासून दिल्या जाणाऱ्या पुरस्काराच्या वस्तू आहेत. एप्रिलमध्ये 'सालोने देल मोबिले' हे १९६१ मध्ये सुरू झालेलं फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या आठवड्यात अख्ख्या शहरात ठिकठिकाणी मांडणी असते आणि त्यातली बरीचशी फुकट बघता येते. स्टॉलवर उभं राहण्याचं कामही विद्यार्थ्यांना मिळतं. विद्यार्थी परमिटवर आठवड्याला २० तास काम करता येतं. स्टॉलच्या कामाला इटालियन येणाऱ्या मुलांना आधी बोलावतात, हे सांगायला नको.

परमिट दर वर्षी नवं करायचं असतं. पहिल्या नूतनीकरणाला निदान एक परीक्षा पास झाल्याचा पुरावा लागतो, त्यापुढे दोन. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी पुन्हा तेच पिवळ्या पट्टीचं पाकीट. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी वर्षभरापर्यंतचा परवाना मिळू शकतो.

ब्रिआन्त्साला जायच्या आधी

मिलानच्या उत्तरेला ब्रिआन्त्सा नावाचा पट्टा आहे: कांतू, मेदा, लिस्सोने. इटालियन फर्निचरचा मोठा भाग तिथल्या छोट्या कारखान्यांत बनतो. दुसऱ्या वर्षी तिथे एखाद्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जायची संधी आली तर सोडू नका, पगार थोडा असला तरी.

मी कांतूजवळच्या एका सुतारकामाच्या कारखान्यात गेले. तिथले वयस्कर मिस्त्री इंग्लिशचा एक शब्दही बोलत नव्हते. मी फळीला रंधा मारून, कड मोजून अगदी काटकोनात आणली होती. त्यांनी माझा हात धरला, तळवा त्या कडेवरून फिरवला आणि म्हणाले, "स्पिगोलो व्हिव्हो." जिवंत कड. धार असलेल्या कोपऱ्याला इटालियन सुतार असंच म्हणतात. मग त्यांनी पॉलिशपेपर घेऊन त्या कडेवरून दोनच हात फिरवले आणि पुन्हा माझा तळवा तिथे ठेवला. डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता, हाताला कळत होता.

ते शब्द मी त्या दिवशी वहीच्या आतल्या पानावर लिहिले, तुम्हीही निघण्यापूर्वी लिहून घ्या. स्पिगोलो म्हणजे कड. स्पेस्सोरे म्हणजे जाडी. व्हेनातुरा म्हणजे लाकडाच्या शिरा. इन्कास्त्रो म्हणजे खाच घालून केलेला सांधा. प्रोव्हा म्हणजे करून बघणं. आणि 'मी फा व्हेदेरे?', म्हणजे मला दाखवता का?